विकणे आहे, नाहीतर भाड्याने

जावातल्या सोलो शहरात, जेब्रेस स्टेशनामागच्या गल्लीत एखाद्या मुलीचं लग्न ठरलं, की मांडववाल्याच्याही आधी पाक मुर्योनोंना, म्हणजे मुर्योनोकाकांना, गाठावं लागे. मांडव कुणाचाही चालेल, माईकवर माणूस मुर्योनोच हवा, असं त्या काळी लोक म्हणत. आठवडाभर ते प्राथमिक शाळेत तिसरीच्या पोरांना जावानीज भाषा शिकवायचे आणि रविवारी नक्षीची टोपी चढवून, पाठीशी कट्यार खोचून कुणाच्या तरी लग्नात बोलायला उभे राहायचे. नवरी निघायची वेळ झाली की आवाज खाली आणायचे.

"या उंबऱ्यावरून आज एक पाऊल बाहेर पडत आहे," ते म्हणायचे, "परंतु जिथे ते निघाले आहे, तिथे दिवा आधीच लागला आहे, अंथरूण आधीच घातले आहे, आणि दारात एक हाक ताटकळत उभी आहे." मग नवरीचा बाप रडायचा, आई रडायची. एकदा तर चहाचा ट्रे घेतलेला वाढपीच रडत उभा राहिला आणि पाहुण्यांना गार चहा प्यावा लागला.

त्यांची बायको पार्तिनी मात्र रडायची नाही. "लोकांच्या पोरींसाठी तोंड आहे यांना," ती शेजारणींना सांगायची. "घरात मिरची हवी असली की वाटीकडे टक लावून बसतात. मी वाटी सरकवेपर्यंत जेवण थांबलेलं!" यात तिखटमीठ काही नव्हतं. सोलोत भिडस्त माणसं पायलीची पन्नास मिळतील, पण मुर्योनोंची भीड त्यांतही उठून दिसायची. एकदा शाळेतल्या एकाने त्यांची छत्री नेली ती परत दिलीच नाही. मुर्योनोंनी मागितली नाही, नवी घेतली. पुढे तोच माणूस तीच छत्री घेऊन भेटला, तेव्हा यांनी छत्री छान आहे म्हणून कौतुक केलं.

पार्तिनी गेली आणि मिरचीची वाटी सरकवणारं कुणी उरलं नाही. एकुलती एक लेक रेत्नो, ती लग्न होऊन तिकडे जकार्ताजवळ बेकासीला. नवरा डेनी आणि ती, दोघंही गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात. लग्नांची बोलावणीही आटली होती. नव्या लोकांना विनोद सांगणारा, दोन गाणी म्हणणारा पोरगेला माणूस हवा असायचा. पेन्शन होती, घर होतं. घर म्हणजे पुढे फरशीची ओसरी, तीन खोल्या, मागे विहीर, विहिरीशेजारी एक वेगळी छोटी खोली आणि तिच्यावर ओणवलेलं चिकूचं झाड.

समोरच्या घरात बू तुगिरा, म्हणजे तुगिराकाकू, राहायची. पहाटे तिच्या ओसरीवर चूल पेटायची आणि नारळाच्या दुधात शिजलेला लिवेत भात घ्यायला अर्धी गल्ली पानं घेऊन बसायची. पार्तिनीच्या आजारपणात तिला न्हाऊमाखू घातलं ते याच बाईने. तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ.

"पाक, एकटे किती दिवस राहणार असे?" ती विचारायची. "लेकीकडे जा की! नातवाला मांडीवर घ्यायचं सोडून इथे पाली मोजताय."

"रेत्नो तर कधीची मागे लागलीय," मुर्योनो म्हणायचे.

रेत्नो मागे वगैरे लागली नव्हती. 'या की बाबा कधीतरी' असं फोनवर एकदा म्हणाली होती, तेवढंच. पण साध्या वाक्याला कल्हई करून द्यायची हा मुर्योनोंचा जन्माचा धंदा. हळूहळू गल्लीत सगळ्यांना माहीत झालं की पाकची लेक त्यांच्यासाठी जीव टाकतेय आणि पाकच जात नाहीयेत.

मग ईदच्या सुट्टीत ते बेकासीला जाऊन आले.

घर दोन खोल्यांचं. एकीत नवरा-बायको, दुसरीत नातू, त्याची सायकल, शिलाई मशीन आणि कपड्यांचं कपाट. मुर्योनोंचं अंथरूण टीव्हीसमोर घातलं जाई. पहाटे ते नमाज पढून मशिदीतून परत येईपर्यंत ते गुंडाळून कपाटामागे उभं केलेलं असे, कारण डेनीला कामावर जायला तिथूनच मोटरसायकल बाहेर काढावी लागायची. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. जावई आदराने वागला. चौथ्या की पाचव्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेवू का? नंतर गर्दी होते, तुमचे हाल नकोत व्हायला."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मुर्योनो म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी रेत्नो भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबा, तिकडची हवा चांगली. इथे नुसता धूर." तिने मान वर केली नाही. मुर्योनोंनी हवेचं भरभरून कौतुक केलं. पोरीचा त्यांना राग आला नाही. दिवसभर उभं राहून काम करणारी बाई, ती बापाला कुठे ठेवणार, पेटीत? आली ती लाज. आपण या घरात मोटरसायकलच्या वाटेत आलो याची.

गल्लीत पाऊल टाकलं तर बू तुगिरा झाऱ्यासकट बाहेर आली. "काय, ठरलं मग? कधी हलवताय मुक्काम?"

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. पोरीकडे जागा नाही, एवढंच. पण वर्षभर त्यांनीच वाजवलेला नगारा होता तो. ओसरीवरची पाच-सहा माणसं घास हातात धरून ऐकत होती. मुर्योनोंच्या तोंडून निघालं, "हलवायचं तर आहेच. आधी या घराचं काहीतरी मार्गी लावतो."

असं ते घर विक्रीला निघालं. विकायचं मनात नसताना.

त्यांनी पाटी रंगवून फाटकाला टांगली: घर विकणे आहे. तुकिमिन नावाचा दलाल दोन दिवसांत हजर. घर बघून त्याने मान डोलावली आणि किंमत ऐकून डोलावायची थांबवली.

"पाक, या किमतीत लोक बाजारपेठेत हमरस्त्याला लागून घर घेतात. वर सध्या बाजार झोपलाय. पलीकडच्या तीन गल्ल्यांत पाट्यांचे रंग उडाले, गिऱ्हाईक नाही."

"असू दे," मुर्योनो नम्रपणे म्हणाले. "घाई नाही."

मंदीने सोलोत कितीतरी लोकांची झोप उडवली असेल. मुर्योनोंना मात्र ती लाभली. 'अजून इथेच?' असं कुणी विचारलं की ते पाटीकडे हात करायचे, सुस्कारा सोडायचे, आणि समोरचा हळहळून म्हणायचा, "काय करणार, दिवसच वाईट आलेत." चुकून एखादं गिऱ्हाईक आलंच, तर ते त्याला विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कसं खाली जातं आणि चिकूच्या मुळांनी भिंतीला कशी चीर पाडलीय ते इतक्या प्रामाणिकपणे दाखवायचे, की माणूस चहा पिऊन निघून जायचा. बरं चाललं होतं. रोज सकाळी भात, दुपारी पाटीवरची धूळ पुसणं, संध्याकाळी ओसरीवर बसून लोकांची सहानुभूती घेणं. लाज वाटायची, पण सवयीची झाली होती.

घात केला तो बू तुगिराच्या चांगुलपणाने.

"विकलं जात नाही तर भाड्याने द्या!" एका सकाळी ती भर ओसरीत म्हणाली. "तिकडे पोर वाट बघून झुरतेय आणि तुम्ही इथे गिऱ्हाईकाची वाट बघत बसलात. माझा भाचा आहे अंजार, बाटिकच्या छपाईत. बायको पोटुशी आहे त्याची. वर्षाचं भाडं आगाऊ देईल, घर लखलखीत ठेवेल. बाजार उठला की विका खुशाल."

"हो, हो," मुर्योनो म्हणाले. "तसंही करता येईल."

आता सोलोत कुणीही सांगेल की असं 'हो, हो' म्हणजे 'नाही' असतं. बू तुगिराने जन्मभर अशी 'हो, हो' ऐकली होती आणि बरोबर ओळखली होती. पण तिला मुर्योनोंचं इतकं भलं करायचं होतं, की या वेळी तिने खरोखरचं 'हो' ऐकलं. संध्याकाळी अंजार आणि त्याची बायको केळ्यांचा घड आणि वर्षाचं भाडं घेऊन ओसरीवर येऊन बसले. पोरीला वाकता येत नव्हतं, तरी ती वाकून नमस्कार करायला गेली. मुर्योनोंनी तिला घाईघाईने थांबवलं आणि त्या घाईत पैशाचं पाकीट हातात घेतलं.

मग कुणाला दम धरवेना. गल्लीप्रमुख पाक गियार्तो वर्गणी काढून चाकांची लाल बॅग घेऊन आले. बायकांनी घर धुऊन दिलं. निरोपाचं जेवण ठरलं, पिवळ्या भाताची रास उभी राहिली, दुआ झाली, आणि सगळे म्हणाले, "पाक, आज तुम्ही स्वतःसाठी बोला."

मुर्योनो उठले. खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती, आणि त्यांनी तोंड उघडलंही त्याच इराद्याने. पण माईकशिवायही त्यांचा आवाज आपोआप खाली गेला, आणि ओठांवर आलं तेच जे तीस वर्षं येत होतं. "या उंबऱ्यावरून आज एक पाऊल बाहेर पडत आहे. ते पाऊल लेकीचे नव्हे, बापाचे आहे. परंतु जिथे ते निघाले आहे, तिथे दिवा आधीच लागला आहे, अंथरूण आधीच घातले आहे…" फोनवर ढसाढसा रडणारी लेक त्यांनी उभी केली. आजोबांची उशी कुशीत घेऊन झोपणारा नातू उभा केला. गल्ली धाय मोकलून रडली. पाक गियार्तोंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मुर्योनो बोलत होते, आणि आपण काय करून बसलो आहोत ते त्यांना प्रत्येक वाक्यागणिक जास्त जास्त कळत होतं.

एवढं झाल्यावर जात नाही म्हणून सांगणार कुणाला? रेत्नोला तर यातलं काही माहीतच नव्हतं. जेब्रेस स्टेशनच्या कुंपणाबाहेर पंचवीसेक माणसं हात हलवत उभी होती, त्यांच्या देखत मुर्योनो जकार्ताच्या गाडीत चढले. खिडकीतून हात हलवला. आणि सोलोतल्याच पुर्वोसारी स्टेशनवर, अजून तिकीटसुद्धा तपासलं गेलं नव्हतं तेव्हा, लाल बॅग ओढत उतरले.

शहराच्या पश्चिमेला कार्तासुरा आहे. तिथे कॉलेजच्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. त्यातल्या एकीत मुर्योनोंनी बिऱ्हाड थाटलं. एक गादी, एक खिळा, एक खिडकी आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. रेत्नोला फोनवर सांगितलं, घर भाड्याने दिलंय, मी मित्राकडे आहे, मजेत आहे. ती 'बरं' म्हणाली, आणि त्या 'बरं'मधला सुटकेचा श्वास त्यांना ऐकू आला.

ज्या शहरात जन्म काढला त्याच शहरात ते फरारी माणसासारखे राहू लागले. बाहेर पडायचं तर तोंडाला मास्क, डोक्याला कॅप. मोठ्या बाजारात जायचं नाही, कुणी भेटेल. ओळखीच्याच्या घरी मयत झाली तरी जायचं नाही, आपण बेकासीत. एकदा रस्त्याच्या कडेला लग्नाचा मांडव लागला. माईकवरचा पोरगा नवरीला निरोप देताना चुकत होता, आणि मुर्योनो मास्कच्या आत पुटपुटत त्याला दुरुस्त करत राहिले.

गल्लीतून फोन यायचे. फोन आला की मुर्योनो आधी बाजूच्या खोलीतल्या पोरांचा गोंगाट ऐकू येईल असं दार उघडायचे.

"घर भरलेलं दिसतंय!" बू तुगिरा म्हणायची.

"हो ना, नातवाचे मित्र आलेत. नुसता धिंगाणा."

"छान, छान. सांभाळा हं तब्येत." ती कधी जास्त चौकशी करायची नाही. इतकी चौकस बाई, तिला नातवाचं नावसुद्धा विचारावंसं वाटत नाही याचं मुर्योनोंना नवल वाटायचं, आणि हायसंही.

वर्ष सरत आलं तसा तुकिमिनचा फोन आला. बाजार अजून झोपलेलाच. पण एक भांड्यांचा व्यापारी तयार होता. घर पाडून भाड्याच्या खोल्या बांधणार होता. किंमत मुर्योनोंच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी वर.

"मंदीत एवढं मिळतंय हेच नशीब समजा," तुकिमिन म्हणाला. "नाहीतर अंजारला अजून एक वर्ष द्या. तोही विचारतोय. काय ते एक ठरवा, पाक. मी तुमच्या पाटीवर म्हातारा झालो."

मुर्योनोंना ठरवता येईना. विकलं की गल्लीत पुन्हा पाय ठेवायची गरज नाही, खोटं तिथल्या तिथे गाडलं जाईल. पण पार्तिनीने लावलेला चिकूही जाईल, आणि परत जायला जागाच उरणार नाही. भाड्याने दिलं तर घर राहील, पण अजून एक वर्ष मास्क, अजून एक वर्ष दार उघडून दुसऱ्यांच्या पोरांचा गोंगाट ऐकवणं. त्यांनी तुकिमिनला 'बघतो, बघतो' म्हणून टोलवलं.

त्याच सुमारास त्यांना खोकला धरला. बू तुगिराने फोनवर तो ऐकला.

"आवाज पार बसलाय तुमचा."

"बेकासीचा धूर, दुसरं काय."

त्यावर तिने एकदम फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजारचा फोन. बोलताना चाचरत होता. "पाक, मावशीने तुमच्यासाठी डबा दिलाय. बेकासीला जाणारा एक जण आहे, पण तो निघतो कार्तासुराहून. आता डबा आणलाय मी इथवर, आणि तो माणूस काही भेटेना. बाजारासमोर टायरवाल्याचं दुकान आहे, तिथे ठेवलाय. तुमचं… म्हणजे तुमच्या ओळखीचं कुणी कार्तासुरात असलं, तर त्याला उचलायला सांगाल का?"

"असेल," मुर्योनो म्हणाले. "सांगतो कुणाला तरी."

आणि मास्क लावून, स्वतःच्या ओळखीचे होऊन, ते टायरवाल्याकडे गेले. चार पुडांचा ॲल्युमिनियमचा डबा. खोलीवर आणून उघडला. लिवेत भात, दुधीसारख्या चायोटेची भाजी, अंडं, वर नारळाची घट्ट साय. डब्याच्या बुडाला हात लावला तर तो गरम होता.

बू तुगिरा जन्मभर हा भात विकत आली होती. नारळाच्या दुधाचा भात दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही, म्हणून ती नऊनंतर कुणाला बांधून देत नसे. बेकासीला गाडीने रात्र लागते. ही बाई बेकासीला लिवेत धाडेल?

मुर्योनो डब्यासमोर बसून राहिले. आपण बेकासीत नाही हे कळलेलं आहे. तिला माहीत आहे, अंजारला माहीत आहे, म्हणजे गल्लीला माहीत आहे. फोनवरचे 'छान, छान' आठवले आणि कानशिलं तापली. आपण दार उघडून गोंगाट ऐकवत होतो, आणि पलीकडे ती तो मुकाट्याने ऐकून घेत होती. धरणी दुभंगावी असं त्यांना झालं. भात मात्र त्यांनी खाल्ला. खोकत, रडत, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, कारण भूक लागली होती, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी तुकिमिनला फोन केला. "विकतो. शनिवारी सकाळी व्यापाऱ्याला घरी आणा." आता त्या गल्लीत तोंड दाखवून राहणं शक्यच नव्हतं. एकदाच जायचं, डबा परत द्यायचा, सही करायची आणि संपवायचं.

डबा रिकामा कसा द्यायचा? बेकासीचं काहीतरी घालायला हवं. सोलोतली भेटवस्तूंची दुकानं पालथी घातली, पण तिथे सगळं सोलोचंच. "आजोबा, लोक इथून सोलोचं नेतात," दुकानातली मुलगी हसून म्हणाली. शेवटी एका किराणा दुकानात पुड्यांच्या पाठी वाचत वाचत त्यांना एक बिस्किटाचा पुडा सापडला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की माल बेकासीच्या कारखान्यातला आहे. त्यांनी तो घेतला आणि डब्याच्या वरच्या पुडात नीट रचला.

शनिवारी उजाडताना ते लाल बॅग ओढत गल्लीत शिरले. बॅग आणायची गरज नव्हती. पण बेकासीहून येणारा माणूस हात हलवत कसा येईल?

बू तुगिराच्या ओसरीवर नेहमीची माणसं होती. पाक गियार्तो होते, अंजार पोराला कडेवर घेऊन उभा होता. मुर्योनोंना बघून कुणी दचकलं नाही. सगळे सरकले, बाकावर जागा झाली.

"या, या पाक. दमला असाल," बू तुगिरा म्हणाली आणि पान वाढायला घेतलं. मुर्योनोंनी डबा पुढे केला. तिने झाकण उचलून बघितलं. "अरे वा, बेकासीची बिस्किटं. कशाला एवढा त्रास घेतलात!" आणि तिने ती अशी जपून बाजूला ठेवली, की मुर्योनोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तुकिमिन मोटरसायकलवरून उतरला, मागे भांड्यांचा व्यापारी. तुकिमिन या गल्लीतला नव्हे, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. "काय पाक, बेकासीचं पाणी मानवलेलं दिसत नाही!" तो मोठ्याने म्हणाला. "केवढे वाळलात! कधी पोचलात? कोणत्या गाडीने आलात?"

सगळ्यांच्या माना पानांत गेल्या. कुणीही मुर्योनोंकडे बघत नव्हतं, आणि प्रत्येक जण ऐकत होता.

"रात्रीच्या गाडीने," बू तुगिरा म्हणाली. झारा भातात घालत, खाली बघत म्हणाली. "मीच घेऊन आले स्टेशनवरून. गाडीला उशीर झाला होता."

ही बाई भातात अंडं जुनं निघालं तर गिऱ्हाईकाला सांगून पैसे परत करणारी. हजला जायला पैसे साठवणारी. ती चुलीपुढे बसून, सगळ्यांच्या देखत, यांच्यासाठी खोटं बोलली. आणि पाक गियार्तोंनी मान हलवून दुजोरा दिला, "हो, बराच उशीर."

वर्षभर आपण एकटेच खोटं बोलतोय असं मुर्योनोंना वाटत होतं.

ते उठून उभे राहिले. सवयीने आवाज खाली जाऊ लागला, तसे ते थांबले, आणि त्यांनी साध्या, घोगऱ्या, खोकल्याने फाटलेल्या आवाजात सांगितलं, "नाही. मी बेकासीला गेलोच नाही. वर्षभर कार्तासुरात राहतोय. पोरीच्या घरात माझं अंथरूण मावत नाही. तिने मला बोलावलंच नव्हतं."

एवढंच. त्यात ना दिवा होता ना हाक. ते खाली बसले. कडेवरचं पोर तेवढं काहीतरी बडबडलं.

तुकिमिनने व्यापाऱ्याकडे बघितलं, मग मुर्योनोंकडे. "मग पाक, घराचं काय?"

"विकायचं नाही," मुर्योनो म्हणाले. त्यांनी आयुष्यात कुणाला असं तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. म्हणून ते आणखी एकदा म्हणून पाहिलं, "विकायचं नाही, तुकिमिन. तुम्हाला फुकट फेऱ्या घालायला लावल्या, माफ करा."

तुकिमिन काहीतरी पुटपुटत व्यापाऱ्याला घेऊन गेला. मुर्योनोंनी खाली बघतच विचारलं, "बू, तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," बू तुगिरा म्हणाली. "पाक गियार्तोंचा मेव्हणा पुर्वोसारीला पाणी विकतो. लाल बॅगवाला माणूस उतरून कार्तासुराच्या बसमध्ये बसला म्हणाला."

"त्याच दिवशी? म्हणजे वर्षभर… मग बोलला का नाहीत?"

बू तुगिराने ओढणीने डोळे पुसले. धूर होता, नाही असं नाही. "तुम्ही निरोपाला एवढं सुंदर बोलला होतात, पाक," ती म्हणाली. "आम्ही सगळे रडलो होतो. ते कसं मोडायचं आम्ही?"

मुर्योनोंनी मान वर केली नाही. समोर पान वाढलेलं होतं, भाताची वाफ तोंडावर येत होती. त्यांनी दोन घास खाल्ले. मिरचीची वाटी बाकाच्या त्या टोकाला होती. ते सवयीने तिच्याकडे बघत राहिले. पार्तिनीच्या आजारपणापासून बू तुगिराला ती नजर पाठ होती. तिने वाटीकडे हात नेला.

"राहू द्या," मुर्योनो म्हणाले. लाजेने त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "अंजार, घर अजून एक वर्ष तूच ठेव. पण विहिरीजवळची मागची खोली मला दे. मला दुसरीकडे जागा नाही." आणि मग, शेजाऱ्याकडे हात पसरून, "ती मिरची द्या जरा इकडे."